विंचू, अर्ध्या मिलिग्रॅमची गोळी आणि शंभरी

दापोलीच्या कट्ट्यावर परवा सुहासने जाहीर केलं, आपली नातवंडं सहज शंभरी गाठणार, म्हातारपण थोपवणारी गोळी येतेच आहे.

"ती येईल तेव्हा येईल," मनोहर म्हणाला. "भातकापणीला पेंढ्यातला विंचू चावला तर पोर वाचेल का, ते बोल."

"वाचेल. तेही गोळीवरच," औषधाच्या दुकानवाले बापू मध्ये पडले. लाल विंचवाच्या विषाने अंगात अ‍ॅड्रेनलिनचा लोंढा सुटतो. रक्तवाहिन्या आवळतात, दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार. मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असे मृत्यू पाहिलेल्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी पुढे रक्तदाबावरचं प्राझोसिन वापरलं. १९८६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. गंभीर दंशात शंभरातले तीस-चाळीस जायचे, ते एखाद्यावर आलं.

"मग घरातच ठेवू की गोळी!" मनोहर म्हणाला.

"अजिबात नको. नुसती ठणक असेल, घाम-उलटी नसेल, तर ती लागतही नाही. तिथे बधिर करणारं इंजेक्शन पुरतं. लागलीच तर मोठ्याला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला पाव, आणि हातपाय गरम होईतो दर तीन तासांनी. रुग्णाला आडवंच ठेवायचं. उठवून बसवलं की दाब एकदम खाली येतो. सावकाश विरघळणारी गोळी तर चालतच नाही, साधीच हवी. आणि घाम थांबवायला अ‍ॅट्रोपिन हे औषध दिलं की आधीच धावणारं हृदय आणखी पळतं."

"प्रतिविष?"

"जोडीला उत्तम. महाडच्या ७० रुग्णांचा अभ्यास २०११ मध्ये आला. दोन्ही मिळालेले ९१ टक्के दहा तासांत बरे झाले, नुसत्या गोळीवरचे २३."

सुहास खूश. "म्हणजे आयुष्य औषधानेच वाढतं!"

"स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, आज सत्तरच्या. पण म्हातारे दीडशेचे झाले म्हणून नाही, पोरं मरेनाशी झाली म्हणून," बापू म्हणाले. सुहासला हे फारसं रुचलं नाही, पण आकडा त्याला खोडता येईना.

मनोहरचं वेगळंच चाललं होतं. "रात्री दोनला चावला तर?"

"केंद्रात साधी गोळी आणि प्रतिविष आहे का, ते उद्याच विचारून ये. मांत्रिकाकडे दोन तास घालवलेस, तर माझ्या दुकानातली गोळी काय करणार?"