‘घरी राहून जीएनएम’: एका ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुम्ही चिडून लिहिलंत आणि ती चीड मला समजते. नर्सिंग कॉलेज कसं निवडावं यावरच्या लेखात मी ऑनलाइन आणि ‘नॉन-अटेंडिंग’, म्हणजे कॉलेजात हजर न राहता घेतलेल्या, प्रवेशांना सरळ धोक्याचे म्हटलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की शहरात राहून असं लिहिणं सोपं आहे. तुमची भाची परभणी जिल्ह्यातल्या एका गावात राहते, वडील मजुरी करतात, होस्टेलचा खर्च झेपत नाही. म्हणून एजंटामार्फत शेजारच्या राज्यात जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या तीन वर्षांच्या पदविकेला, नाव घातलं. वर्ग मोबाइलवर आणि परीक्षेपुरतं तिकडे जायचं. करोनात सगळं जग ऑनलाइन शिकलं, अमेरिकेत तुमच्या नात्यातली एक नर्स आख्खी पदवी ऑनलाइन करतेय, मग गरिबाच्या पोरीलाच का अडवता? शेवटी लिहिलंत, ‘मान्यता काय, कागदावरच असते.’

पैशांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, त्याकडे येतेच. आधी अमेरिकेचं बोलू, कारण हे उदाहरण एजंट हमखास देतात.

तुमच्या नातेवाईक तिथे आधीपासून परवानाधारक नर्स आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या करत असणार तो ‘आरएन-टू-बीएसएन’. दोन वर्षांची पदविका घेऊन, एनसीएलएक्स ही परवान्याची परीक्षा पास होऊन, वॉर्डात काम करणाऱ्या नर्ससाठी असलेला वरचा अभ्यासक्रम. हात आधीच तयार झालेले असतात, राहिलेलं असतं ते संशोधन, सार्वजनिक आरोग्य, व्यवस्थापन. ते घरून शिकता येतं. तिथेसुद्धा अभ्यासक्रमाला सीसीएनई किंवा एसीईएन या संस्थांचं मूल्यांकन आहे का, हे बघूनच लोक पैसे भरतात. आपल्याकडे याच्या जवळचा म्हणजे इग्नू या मुक्त विद्यापीठाचा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग, आणि तोही नोंदणी झालेल्या, नोकरीत असलेल्या नर्ससाठीच. बारावी झालेल्या मुलीला पहिल्यांदा नर्स करणारा ऑनलाइन अभ्यासक्रम आपल्या देशात नाही. ‘आहे’ म्हणणारा तुम्हाला फसवतोय.

आणि त्याच अमेरिकेत जानेवारी 2023 मध्ये काय बाहेर आलं तेही सांगते. फ्लोरिडातल्या तीन नर्सिंग शाळांनी मिळून सुमारे 7,600 बोगस पदविका आणि गुणपत्रिका विकल्या होत्या. त्या कागदांवर परीक्षेला बसलेले जवळजवळ 2,400 जण पास झाले होते. म्हणजे पुस्तक पाठ करून परीक्षा निघते. पण पेशंटला हात न लावता नर्स होता येत नाही, म्हणून तिथल्या राज्यांनी अशांचे परवाने शोधून रद्द करायला घेतले.

मी सिस्टर ट्यूटर म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले. मुलींना काय शिकवत होते ते थोडं सांगते. बाळंतपण झालं की आईच्या पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक लागतंय की सैल, हे बघायचं. सैल लागलं तर रक्तस्राव होणार, आणि तो चादरीवर दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असू शकतो. कडक म्हणजे किती कडक, हे व्हिडिओत दिसत नाही. मुलीचा हात धरून त्या पोटावर ठेवावा लागतो, दहा-वीस आयांच्या पोटांवर ठेवावा लागतो, मग तिच्या बोटांना कळतं. दुसरं, इन्सुलिन. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या एका मिलीलिटरमध्ये 40 युनिटच्या असतात, पेनचं आणि काही बाटल्यांमधलं 100 युनिटचं. सिरिंजही वेगळी, 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. रात्रपाळीत, चाळीस पेशंट समोर असताना चुकीची सिरिंज उचलली तर डोस अडीचपट जातो किंवा निम्म्याहून कमी. पुस्तकात ही एक ओळ आहे. वॉर्डात सिस्टर इनचार्ज शेजारी उभी राहून सिरिंज वर धरायला लावते, मोठ्याने आकडा वाचून घेते, तेव्हा ती सवय होते. म्हणून जीएनएमच्या तीन वर्षांत आणि बी.एस्सी.च्या चार वर्षांत वॉर्ड पोस्टिंगचे तास ठरवून दिलेत, बाळंतपणं किती करायची त्याची संख्या ठरवून दिलीय, आणि केस बुकवर सह्या घ्यायच्या असतात. करोनात थिअरीचे वर्ग फोनवर झाले, खरं आहे. ज्या मुलींचं पोस्टिंग तेव्हा बुडालं, त्यांना नंतर वॉर्डात चाचपडताना मी पाहिलंय. तो काळ नाइलाजाचा होता, त्याचा आदर्श करू नका.

आता ‘मान्यता कागदावरच असते.’ यात तथ्य आहे, आणि ते मध्य प्रदेशात सगळ्यांनी पाहिलं. उच्च न्यायालयाच्या आदेशाने सीबीआयने तिथली 308 नर्सिंग कॉलेजं तपासली. 169 योग्य, 74 त्रुटी असलेली, 65 अयोग्य, असा अहवाल आला. मे 2024 मध्ये या तपासातल्याच काही अधिकाऱ्यांना लाच घेतल्यावरून अटक झाली आणि ‘योग्य’ ठरलेली 169 कॉलेजं पुन्हा तपासायचा आदेश निघाला. म्हणजे मान्यताप्राप्त कॉलेजांच्या यादीत नाव असणं पुरेसं नाही. पण यातून ‘मग यादी बघायलाच नको’ असा अर्थ काढू नका, ताई. यादीत नाव नसेल तर विषय तिथेच संपला. यादीत असेल, तर तपासाला सुरुवात करायची.

महाराष्ट्रात राहून शिकायचं असेल तर नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे होते. जीएनएम आणि एएनएम (सहायक परिचारिका) यांची परीक्षा शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. बी.एस्सी. नर्सिंगची बहुतेक कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. शिवाय भारतीय नर्सिंग कौन्सिलच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी असते, तिथे कॉलेज, अभ्यासक्रम आणि जागा हे तिन्ही जुळले पाहिजे. कॉलेजला बी.एस्सी.ची परवानगी असते आणि जाहिरात जीएनएमचीही करतात, असंही चालतं. नॅकची श्रेणी, आयएसओचं प्रमाणपत्र यांचा नर्सच्या नोंदणीशी संबंध नाही. ‘कोर्टाने सांगितलंय, दिल्लीच्या कौन्सिलची (म्हणजे भारतीय नर्सिंग कौन्सिलची) मान्यता लागतच नाही’ हेही एजंट ऐकवतात. 2017 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तसा निकाल दिला होता, हे खरं. पण तिकडे शिकून नोंदणी महाराष्ट्रात आणायची असेल, तर हा वाद तुमच्या भाचीच्या माथी येतो. एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

मग प्रत्यक्ष जायचं, आणि कॉलेजात नाही, त्यांच्या रुग्णालयात. साध्या वाराला, सकाळी आठ-साडेआठला. बी.एस्सी.साठी स्वतःचं 100 खाटांचं रुग्णालय हवं (डोंगराळ आणि आदिवासी भागाला यात सूट आहे), त्यातल्या 75 टक्के खाटा भरलेल्या हव्यात, एका विद्यार्थिनीमागे तीन पेशंट आणि दहा विद्यार्थिनींमागे एक शिक्षक हवा. हे नियमातलं. तुम्ही बघायचं एवढंच, की खाटांवर माणसं आहेत का आणि गणवेशातल्या मुली त्यांच्याजवळ आहेत का. वॉर्डातल्या सिस्टरला विचारा, ‘कुठल्या कॉलेजच्या मुली येतात तुमच्याकडे?’ एका मिनिटात कळेल. पोस्टिंगचं वेळापत्रक मागा. टाळाटाळ झाली तर उठून या.

आता खर्च. माझी कळकळ इथेच आहे, कारण गरीब मुलींनाच या नॉन-अटेंडिंगच्या जाळ्यात ओढतात, आणि एजंटाची दलाली धरून तीन वर्षांत जेवढे पैसे जातात त्याच्या आसपास सरकारी ठिकाणी शिक्षण होऊन जातं. जिल्हा रुग्णालयांच्या नर्सिंग शाळा आहेत, सरकारी मेडिकल कॉलेजांची नर्सिंग कॉलेजं आहेत, तिथे फी फार कमी. बी.एस्सी. नर्सिंगचा प्रवेश सीईटी कक्षामार्फत होतो, त्याचा अर्ज चुकवू नये. राज्य सरकारने 2024-25 पासून वार्षिक 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत फी माफ केली, पण केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्यांनाच, व्यवस्थापन कोट्यातून घेतलं तर नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता ही वेगळी योजना आहे. हे सगळं महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, म्हणून कॉलेज तिथे नोंदलेलं आहे का हे आधी विचारायचं. आणि मुलगी अभ्यासात चांगली, ‘नीट’ प्रवेश परीक्षा देणारी असेल तर पुण्याच्या एएफएमसीचं, म्हणजे सैन्यदलाच्या मेडिकल कॉलेजचं, नर्सिंग कॉलेज बघा. सरकारी खर्चाने शिक्षण, नंतर सैन्याच्या नर्सिंग सेवेत नोकरी.

तुमच्या भाचीचं दुसरं वर्ष सुरू आहे म्हणता. ‘आता सोडून कसं चालेल?’ हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटतो. आधी तिच्या कॉलेजचं नाव दोन्ही याद्यांत शोधा, म्हणजे तिथल्या राज्य कौन्सिलच्या आणि भारतीय कौन्सिलच्या. दोन्हीकडे असेल तर तिने तिकडे जाऊन राहावं, उरलेलं पोस्टिंग खरोखर करावं, पहिल्या वर्षाचं भरून मागावं. कॉलेज ‘गरज नाही’ म्हणालं तर ते लेखी मागा. देणार नाहीत, पण तेवढ्याने काय ते कळेल. नाव यादीत नसेल तर पुढचा हप्ता भरू नका. मूळ गुणपत्रिका आणि दाखला परत मागा, आणि यंदाच्या सीईटीची जाहिरात निघाली का बघा. ती एकोणीस वर्षांची आहे, वर्ष गेलं तरी नर्स व्हायची वेळ गेलेली नाही.

कॉलेजचं नाव इथे प्रतिक्रियेत उघड लिहू नका. मला ईमेलवर पाठवा, दोन्ही याद्या मी स्वतः बघते आणि तुम्हाला कळवते.