‘डी ड्राइव्हवर ठेवलंय, गुगलवर सिंक आहे, मग बॅकअप कशाला?’

दुकानदार, सीए ऑफिसं, सोसायटीचे खजिनदार, घरचे फोटो सांभाळणारे, सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक सल्ला फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: फाइली सी ड्राइव्हवर नको, डी वर ठेवा, हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) बसवा, ती बिघडत नाही, गुगल ड्राइव्हचं सिंक चालू ठेवा, बॅकअप आपोआप होतो, आणि तरी काही उडालंच तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहे. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या तरी एका अपघातापुरतं खरंही आहे. ते सगळ्याच अपघातांना लावलं की डेटा जातो, म्हणून एकेक मुद्दा तपासून बघू.

‘डी ड्राइव्ह सुरक्षित असतो.’

विंडोज नव्याने टाकताना सी फॉरमॅट होतो आणि डी तसाच राहतो, त्यातून हा समज आला. विंडोजचं बटण आणि एक्स दाबून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा. ‘डिस्क ०’ समोरच्या एकाच पट्टीत सी आणि डी शेजारी शेजारी दिसले, तर ते एकाच डिस्कचे दोन भाग आहेत. डिस्क गेली की दोन्ही गेले. शिवाय विंडोजच्या सेटअपमध्ये भागांपुढे सी, डी अशी अक्षरं दिसत नाहीत, ‘पार्टिशन ३’ असे क्रमांक आणि आकार दिसतात. घाईत चुकीचा भाग पुसला जातो तो इथेच.

‘एसएसडी बिघडत नाही.’

एसएसडीत फिरणारी तबकडी नाही, म्हणून लॅपटॉप हातातून पडला तर ती हार्ड डिस्कपेक्षा नक्कीच बरी. पण तिच्यात कंट्रोलर (ती चालवणारी चिप) आहे, फर्मवेअर (त्या चिपमधलं सॉफ्टवेअर) आहे आणि झिजणारी फ्लॅश मेमरी आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई या सर्व्हर बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच जाहीर केलं, की तिच्या सर्व्हरमधल्या काही एसएसडी फर्मवेअरच्या चुकीमुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तासांनी, कायमच्या बंद पडतील. एकाच दिवशी बसवलेल्या डिस्का एकाच वेळी बंद पडणार, म्हणजे तोच डेटा आरशासारखा ठेवणारी दुसरी डिस्क जोडलेली असली तरी तिचाही उपयोग नाही. फर्मवेअर अपडेट हाच उपाय होता. तेव्हा आपल्या एसएसडीच्या कंपनीचं सॉफ्टवेअर टाकून वर्षातून एक-दोनदा फर्मवेअरचं नवं अपडेट आलंय का बघा, आणि अपडेटच्या आधी बॅकअप घ्या.

दुसरी गोष्ट म्हणजे एसएसडी कपाटात ठेवायची वस्तू नाही. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार, लिहिण्याची ठरलेली क्षमता संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेशिवाय ३० अंशांना वर्षभर डेटा धरून ठेवायला हवा, एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी जास्त टिकते, पण तापमान वाढलं की मुदत घटते, आणि विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद कपाट ३० अंशांवर राहत नाही. दीर्घकाळ बाजूला ठेवायची प्रत साध्या हार्ड डिस्कवर घ्या.

‘हेल्थ १०० टक्के दाखवतंय’ यावरही विसंबू नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर जरूर वापरा. हार्ड डिस्कच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या (खराब जागा मोजणाऱ्या) ओळींतला ‘रॉ’ आकडा शून्याच्या वर गेला की त्याच दिवशी डेटा हलवा. (सी७ वाढत असेल तर आधी केबल बदला.) मात्र आकडा शून्य असला तरी हमी नाही. गुगलने २००७ साली लाखाहून अधिक हार्ड डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बिघडलेल्या डिस्कांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी धोक्याच्या चार मुख्य खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

‘सिंक चालू आहे, म्हणजे बॅकअप आहे.’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. सिंकचं काम दोन्हीकडची स्थिती सारखी ठेवणं हे आहे. लॅपटॉपवर जागा करायला तुम्ही फोल्डर पुसलं, की ते क्लाउडवरून (गुगलच्या सर्व्हरवरून) आणि ऑफिसच्या संगणकावरूनही जातं. गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते ३० दिवस राहतं, मग कायमचं पुसलं जातं. मार्च अखेरीची फाइल चुकून गेली आणि जुलैत रिटर्न भरताना लक्षात आलं, तर मुदत कधीच टळलेली असते. रॅन्समवेअरचंही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचंही) तेच: कुलूपबंद झालेल्या फाइली सिंक इमानेइतबारे वर चढवतं. एक्सेल-पीडीएफसारख्या फाइलींच्या जुन्या आवृत्त्या गुगल ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंतच ठेवतं, आणि हजारो फाइली एकेक करून मागे नेत बसणं काय असतं याची कल्पना करा.

फुकटचे १५ जीबी जीमेल आणि फोटोंसकट आहेत. ते भरले की नव्या फाइली वर जायच्या थांबतात, आणि ते सांगणारं स्क्रीनवरच्या घड्याळाशेजारचं छोटं चिन्ह कुणी बघत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गुगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या अ‍ॅपमध्ये (आवृत्ती ८४) दोष निघाला आणि काहींच्या अनेक महिन्यांच्या फाइली दिसेनाशा झाल्या. ‘अकाउंट डिस्कनेक्ट करू नका, अ‍ॅपचं डेटा फोल्डर पुसू नका’ असं गुगलला सांगावं लागलं, कारण वर न पोचलेल्या फाइली त्या फोल्डरमध्येच अडकलेल्या असण्याची शक्यता होती.

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी वेगळी सूचना. टॅली चालू असताना तिचं डेटा फोल्डर सिंकमध्ये ठेवू नका. काही फाइली नव्या, काही जुन्या अशी अर्धवट प्रत वर जाऊ शकते. टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबून ‘बॅकअप’ घ्या, दर वेळी तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करून, आणि ते क्लाउडवर टाका.

‘गेलंच तर सॉफ्टवेअरने परत मिळतं.’

हार्ड डिस्कवर हे बऱ्याचदा खरं होतं. फाइल पुसल्यावर तिची नोंद ‘मोकळी’ होते, मजकूर त्या जागी दुसरं काही लिहीपर्यंत राहतो. म्हणून त्या डिस्कवर काम लगेच थांबवा, आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर टाकू नका. फोटोरेक हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डवर चांगलं चालतं, फक्त मूळ नावं मिळत नाहीत.

एसएसडीवर मात्र विंडोज ७ पासून ‘ट्रिम’ चालू असतं. फाइल पुसताच विंडोज एसएसडीला कळवतं की ही जागा आता नको. त्यानंतर ती जागा वाचली तर बहुतेक वेळा नुसती शून्यं मिळतात, मग सॉफ्टवेअर कितीही महाग असो. म्हणजे वरचे दोन सल्ले एकमेकांना काटतात: एसएसडी घेतलीत तर रिकव्हरीचा भरवसा जवळजवळ संपला.

डिस्क ‘टक-टक’ वाजत असेल तर एकही सॉफ्टवेअर लावू नका, वीज बंद करा. आतलं हेड (डेटा वाचणारं टोक) तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. हेड बिघडलेलं असताना डिस्क फिरवत राहिलात तर ते पृष्ठभागच खरवडतं. फ्रीजरमध्ये ठेवायचा ‘जुगाड’ तर मुळीच नको. बाहेर काढताच आत दव धरतं, कोकण-मुंबईच्या हवेत जास्तच. ‘फॉरमॅट करायचं का?’ अशी खिडकी आली तर ‘कॅन्सल’ दाबा. चेकडिस्क हे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं साधनही लगेच चालवू नका. ते मरत्या डिस्कवर लिहितं आणि फाइलींचे तुकडे वेगळ्याच नावांनी टाकतं. आधी डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने संपूर्ण डिस्कची प्रतिमा (जशीच्या तशी प्रत) दुसऱ्या डिस्कवर घ्यायची, मग जे करायचं ते त्या प्रतिमेवर.

‘घरी इन्व्हर्टर आहे.’

साध्या मोडवर इन्व्हर्टर वीज बदलायला जेवढा वेळ घेतो, तेवढा डेस्कटॉपमधला वीजपुरवठ्याचा डबा बऱ्याचदा तग धरत नाही. संगणक रीस्टार्ट होतो, आणि लिहिली जात असलेली फाइल खराब होऊ शकते. इन्व्हर्टरवर ‘यूपीएस’ बटण असेल तर ते लावा, नाहीतर ६०० व्हीएचा छोटा यूपीएस बसवा.

मग करायचं काय? दोन बाहेरच्या हार्ड डिस्का घ्या, आठवड्याआड आलटून पालटून प्रत काढा. काम झालं की डिस्क ‘इजेक्ट’ करून सोडवा. जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर तिलाही पकडतं. एक डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. नवा विंडोज ११ लॅपटॉप असेल तर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) आपोआप चालू झालेलं असू शकतं. मदरबोर्ड बदलला की ते ४८ अंकी किल्ली मागतं. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात आहे ना ते आजच बघा आणि छापून ठेवा.

आणि प्रत उघडून बघा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून मुख्य डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरची आवृत्ती डेटाबेसशी न जुळल्याने होतच नव्हता, आणि तसं कळवणारे ईमेलही नाकारले जात होते. योगायोगाने सहा तासांपूर्वीची एक प्रत मिळाली. दर तीन महिन्यांनी बॅकअपची डिस्क दुसऱ्या संगणकाला लावा, पाच-दहा फाइली उघडा, आणि टॅलीचा बॅकअप रिस्टोअर करून शेवटच्या व्हाउचरची तारीख जुळवा.