स्पीच थेरपिस्ट सोडून गेली, हे पालकांना कोणी सांगायचं?

इथे अमेरिकेत पब्लिक स्कूल्सना स्पेशल एज्युकेशनसाठी माणसं मिळत नाहीत हे मला मान्य आहे, त्यावरून माझं शाळेशी भांडण नाहीच. भांडण आहे ते न सांगण्यावरून. माणूस नाहीये तर नाहीये म्हणा ना, आईबापांना अंधारात का ठेवता?

आमच्या मुलाच्या आयईपीमध्ये (म्हणजे त्याच्यापुरता शिकवण्याचा लेखी प्लॅन, जो पाळणं शाळेला कायद्याने भाग आहे) आठवड्यातून दोनदा अर्धा तास स्पीच थेरपी लिहिलीये. त्याच्या फोल्डरमधून घरी सरावासाठी चित्रांचे कागद यायचे, ते हळूहळू बंद झाले. मग प्रोग्रेस रिपोर्ट आला, त्यात स्पीचच्या गोल्ससमोर छापलेलं, 'नॉट इंट्रोड्यूस्ड'. टर्म संपत आली आणि गोल सुरूच नाही केला? विचारल्यावर कळलं की थेरपिस्ट कधीच गेली, जागा रिकामी आहे, एजन्सीकडून कोणी मिळतंय का ते बघतायत.

केस मॅनेजर बाई मनापासून काम करणाऱ्या आहेत, त्यांच्यावर माझा काडीचाही राग नाही. दिवसभर वर्ग, आणि मुलं घरी गेली की आयईपीचं पेपरवर्क, रात्री उशिरा त्यांच्या ईमेल येतात. हा प्रश्न वरचा आहे, पैशाचा आहे. 1975 साली स्पेशल एज्युकेशनचा हा कायदा झाला तेव्हा या मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चातला 40 टक्क्यांपर्यंत वाटा केंद्र सरकार उचलेल असं ठरलं होतं, आजवर ते कधीच झालेलं नाही, सध्या 15 टक्केसुद्धा येत नाहीत. बाकी सगळं राज्य आणि गावच्या प्रॉपर्टी टॅक्सवर. मग थेरपिस्ट हॉस्पिटल नाहीतर प्रायव्हेट क्लिनिक बघतात, आणि मुलाला दिवसभर सांभाळणाऱ्या पॅराला (म्हणजे वर्गातल्या मदतनीस बाईला) तासावर इतका कमी पगार की ती तरी किती दिवस टिकणार?

पण खरी मेख पुढे आहे. माणसं नाहीत हे कारण कायद्यापुढे चालत नाही, बुडलेली थेरपी भरून मागता येते. मागायची तर ती बुडली हे आधी कळायला हवं ना! शाळेला प्लॅन बदलायचा असेल तर पालकांना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. इथे प्लॅन कोणी बदललाच नाही, कागदावर अजून आठवड्यातून दोनदा अर्धा तासच आहे, फक्त ती थेरपी देणारं माणूस नाही, त्यामुळे नोटीसही निघत नाही. आणि जे मूल घरी येऊन 'आज स्पीच झालं नाही' एवढं सांगू शकत नाही, नेमकं त्याच्याच घरी कोणी कळवत नाही. याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

जी पॅरा त्याला रोज डबा उघडून देते, तिला सगळं माहीत असतं. पण तिने आमच्याशी थेट बोलायचं नाही, जे काय असेल ते केस मॅनेजरला ईमेल करा, असा नियम.

आपल्या लोकांना एक कळकळीने सांगते. आपल्याकडे बाईंना प्रश्न विचारला की उद्धटपणा वाटतो, त्यात व्हिसावर आहोत, कशाला कोणाच्या डोळ्यावर या, असं म्हणून आपण गप्प बसतो. हा हक्क मुलाचा आहे, त्याचा तुमच्या व्हिसाशी काही संबंध नाही. थेरपी नक्की कुठल्या दिवशी झाली त्याचं रेकॉर्ड लेखी मागा, ते बघायचा तुम्हाला अधिकार आहे. मीटिंगमध्ये इंग्रजी नीट कळत नसेल तर दुभाषा द्यायची जबाबदारी शाळेची, फुकट. आणि दिवसभर आजीच सांभाळत असेल तर तिलाही न्या मीटिंगला, मुलाला ओळखणारं माणूस सोबत आणायची तुम्हाला मुभा आहे.

स्कूल डिस्ट्रिक्टकडे (म्हणजे इथल्या पब्लिक स्कूल्स चालवणाऱ्या संस्थेकडे) माझी मागणी अगदी साधी आहे. थेरपिस्ट किंवा पॅरा गेली की आठवड्याच्या आत घरी ईमेल, त्यात जागा कधीपासून रिकामी, सध्या कोण बघतंय, आणि बुडलेलं कसं भरून देणार. याला नवीन माणूस लागत नाही की जादा बजेट लागत नाही. पुढच्या स्कूल बोर्ड मीटिंगला पब्लिक कमेंटमध्ये मी हेच बोलणार आहे. आपल्या डिस्ट्रिक्टमधल्या ज्या कोणाला सोबत यायचंय, बोलायचं नसेल नुसतं बसायचं असेल तरी, मला मेसेज करा.