‘चाळीसला दर बांधून द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

टोमॅटो महागला की आपल्या कोल्हापूरच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. माल तोच, माणसं तीच, तरी दर चौपट म्हणजे सरळ लूट आहे, किलोच्या शंभर रुपयांतले वीस शेतकऱ्याच्या हातावर टेकवून मधले व्यापारी ऐंशी खातात, सरकारनं किलोला चाळीस दर बांधावा म्हणजे सगळ्यांना मिळेल. लोक कळकळीनं पाठवतात, म्हणून नीट उत्तर देतोय.

‘माल तोच’ हेच मुळात चुकीचं आहे. 2023 च्या उन्हाळ्यात टोमॅटोला तोडणीचा खर्च निघत नव्हता, शेतकऱ्यांनी माल रस्त्यावर ओतला, उभ्या पिकात जनावरं सोडली. एवढा मार खाल्लेला माणूस पुढची लागण कशाला करेल? रोप लावल्यापासनं तोडा सुरू व्हायला दोन-अडीच महिने जातात, त्यामुळं तेव्हा जी लागण झालीच नाही तिची टंचाई जुलैत दिसली, वर पाऊस आणि रोग, आणि दर शंभराच्या वर गेला. व्यापारी उन्हाळ्यातही हेच होते, दर ठरवणं त्यांच्या हातात असतं तर तेव्हा तो एवढा पडू दिला असता का? आणि जुलैचा दर बघून लागणी वाढल्या, सप्टेंबरात नाशिककडं परत टोमॅटो फेकायची वेळ आली.

आता वीस आणि ऐंशी. कपिलतीर्थ मार्केटात सकाळी कॅरेट ओततात तेव्हा पाच मिनिटं उभं राहून बघा. तळातला दबलेला माल बाजूला निघतो, तो खानावळवाल्यांना निम्म्या दरात जातो, संध्याकाळपर्यंत मऊ पडलेला आणखी उतरतो, काही फेकावाच लागतो. त्यात गाडीभाडं, हमाली, अडत. हे सगळं उरलेल्या चांगल्या मालातनंच भरून काढायचं असतं. सौद्याआधी, म्हणजे मालाच्या लिलावाआधी, चार खरेदीदार आपसात बोलून दर पाडतात हे होतं, आणि त्याच्यावर मी तुमच्याइतकाच चिडतो, पण त्याला औषध म्हणजे सौद्यात आणखी खरेदीदार येणं. ग्राहकाचा दर बांधून शेतकऱ्याला एक रुपया जास्त मिळत नाही.

बरं, बांधला चाळीसला. गोव्यात शंभर मिळत असतील तर गाडी इथं थांबेल का? जो थोडा माल येईल तो सकाळी लवकर पोचणारा तीन-तीन किलो उचलणार, कामावरनं सातला सुटलेल्या बाईला रिकामी पाटी. शंभर दर असला की प्रत्येक घर पाव-अर्धा किलो घेतं, आमटीत चिंच-आमसूल पडतं, आणि आहे तो माल जास्त घरांत पोचतो, वर शेतकऱ्यालाही कळतं की आता लावायला पाहिजे. घरातल्या म्हाताऱ्यांना सिमेंटचं विचारा, सरकारी दर होता पण परमिट लागायचं आणि काळ्या बाजारात चढ्या दरानं घ्यावं लागायचं. 1982 पासनं टप्प्याटप्प्यानं नियंत्रण उठलं, कारखाने वाढले, आज कुठल्याही दुकानात पोतं मिळतं.

महापुरात दर वाढवून लुटलं असं उदाहरण पण देतात. 2019 ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, माल पलीकडं अडकला आणि भाजी कडाडली. पेट्रोलचा दर मात्र होता तोच राहिला, म्हणून सगळ्यांना मिळालं का? पंपावर रांगा लागल्या आणि ॲम्ब्युलन्स-बचावकार्यासाठी साठा राखून ठेवावा लागला. रस्ताच बंद असताना दर कितीही वाढला तरी नवा माल येऊ शकत नाही, तेव्हा चार दिवस असं वाटून देणं बरोबरच आहे. पण ते वर्षभर चालवायचं म्हटलं तर कुणाला किती द्यायचं हे रोज कुणीतरी साहेब ठरवणार.

राहिला हातावर पोट असलेल्यांचा प्रश्न, आणि तो खरा आहे. 2023 ला केंद्रानं नाफेड आणि एनसीसीएफ ह्या सहकारी संस्थांकडनं बाजारभावानं टोमॅटो घेऊन दिल्लीसारख्या शहरांत 90, 80, मग 70 रुपयांनी विकला, तोटा तिजोरीतनं भरला. ह्यात निदान कुणाला तरी माल विकत घेऊन आणावा लागला. त्याहून बरं म्हणजे महागाईच्या महिन्यात रेशनकार्डावर थेट पैसे द्या, टोमॅटो घ्यायचा की डाळ ते त्या घराला ठरवू द्या.