निकाल बरोबर, वेळ चुकलेली

सांगलीहून काकांचा मला इथे ब्रिटनमध्ये फोन आला की गप्पांची गाडी हटकून कोर्टावर येते. "तुमच्याकडे न्यायाधीश आपल्या पायरीनं राहतात, इथे तेच राज्य करायला लागलेत," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अर्धं खरं आहे. ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय संसदेचा कायदा रद्द करू शकत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने निर्वासितांना रवांडाला धाडण्याची योजना बेकायदा ठरवली, तर सरकारने पुढच्या वर्षी 'रवांडा सुरक्षित आहे' असा कायदाच करून घेतला! आपल्याकडे केशवानंद भारती खटल्यापासून, म्हणजे १९७३ पासून, घटनादुरुस्तीसुद्धा न्यायालयाच्या चाळणीतून जाते.

पण काका, अधिकार मोजताना घड्याळ का बघायचं नाही? सप्टेंबर २०१९ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद पाच आठवड्यांसाठी स्थगित केली. दोनच आठवड्यांत, २४ तारखेला, अकराच्या अकरा न्यायाधीशांनी ती स्थगिती मोडीत काढली. दुसऱ्या दिवशी खासदार बाकांवर हजर.

आता महाराष्ट्र. बहुमत चाचणी घ्यायला सांगण्यात राज्यपाल चुकले, हे घटनापीठाने ११ मे २०२३ ला सांगितलं. त्या चाचणीला स्थगिती द्यायला याच न्यायालयाने २९ जून २०२२ ला नकार दिला होता. त्याच रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला, आणि राजीनामा दिलेला म्हणून त्यांना परत बसवता येत नाही, असं निकालात आलं. निवडणूक रोखे घटनाबाह्य ठरले फेब्रुवारी २०२४ मध्ये. तोवर सोळा हजार कोटींहून अधिक रुपयांचे रोखे विकले गेले होते.

माध्यमांच्या बाबतीत मात्र मला इथला, ब्रिटनचाच रिवाज आवडतो. २०१६ मध्ये 'डेली मेल'ने तीन न्यायाधीशांचे फोटो पहिल्या पानावर छापून त्यांना 'जनतेचे शत्रू' म्हटलं. भाषा गलिच्छच होती, पण कुणावर अवमानाचा खटला झाला नाही. आपल्याकडे न्यायालयावरच्या दोन ट्वीटसाठी वकील प्रशांत भूषण यांना एक रुपया दंड झाला. दंड नगण्य, पण लिहिणाऱ्याच्या मनात धाक बसायला रुपयाही पुरतो.

सरकारवर वचक हवा, तो न्यायालयाचाच हवा, इथवर मी काकांशी भांडतो. ते ऐकून घेतात. परवा मधेच म्हणाले, "बरं, ठेवतो आता. उद्या बांधाच्या दाव्याची तारीख आहे." तो दावा लागला तेव्हा मी शाळेत होतो.