अंडं जपानी, घड्याळ इंग्रजी

दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात हा महाराष्ट्रातला वाद 2022 ची कायदादुरुस्ती आणि 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेली दोन महिन्यांची मुदत, एवढ्यावर मिटायला हवा होता. पाट्या बदलल्या, वाद उरला. आता तक्रार अशी, की इंग्रजी नावंच देवनागरीत उतरवली जातात. कुणी म्हणतं, शब्दही मराठीच हवा. कुणी म्हणतं, ब्रँडचं नाव कसं बदलणार? जपानमध्ये राहून हे वाचताना दोन्ही बाजू मला अर्धवट वाटतात. इथल्या एका खेळण्याच्या नावावरून ते नीट दाखवता येतं.

बानदाई कंपनीने 23 नोव्हेंबर 1996 रोजी तामागोच्ची बाजारात आणलं. साखळीला अडकवायचं अंड्याच्या आकाराचं यंत्र, तीन बटणं, छोटासा काळापांढरा पडदा आणि त्यात वाढवायचा एक प्राणी. योकोई अकिहिरो आणि माइता आकी या दोघांची नावं त्याचे जनक म्हणून घेतली जातात. ‘तामागो’ म्हणजे अंडं, अस्सल जपानी शब्द. उरलेलं शेपूट इंग्रजी ‘वॉच’चं. जपानी शब्द ‘च्’वर थांबू शकत नाही, म्हणून शेवटी ‘इ’ लागतो. आधीचा ऱ्हस्व स्वर तुटक ऐकू येतो, म्हणून ‘च’ दुणावतो. वॉचचं झालं ‘उओच्ची’. तामागोच्या शेवटी ‘ओ’ होताच, त्यात ‘उओ’ विरून गेला.

खरी करामत लिपीत आहे. इंग्रजीतून आलेले शब्द जपानीत काताकाना लिपीत लिहितात, म्हणजे ते परके आहेत हे डोळ्यांना लगेच कळतं. तामागोच्ची मात्र सबंध हिरागानात लिहितात, घरच्या शब्दांच्या लिपीत. शिवाय ‘च्ची’ हे जपानीत मित्रांच्या नावाला लाडाने जोडतातच, त्यामुळे इंग्रजी शेपटाला आयतं घर मिळालं. मग त्याला नवे अंकुर फुटले. पडद्यावरचा प्राणी नीट सांभाळला तर वाढून होतो तो मामेच्ची (मामे म्हणजे शेंगेतला दाणा). त्याच्या हाका चुकवत राहिलात तर जाड ओठांचा ताराकोच्ची. ताराको म्हणजे कॉडच्या कुळातल्या माशाची गाबोळी. तोंडावर मास्क असलेला मास्कुच्ची, म्हणजे पुन्हा इंग्रजीच शब्द, पण आता कुणाला खटकत नाही.

जपानमध्ये सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. 2013 मध्ये गिफू प्रांतातल्या एका वृद्ध गृहस्थांनी, कार्यक्रमांतले इंग्रजी शब्द कळत नाहीत आणि मनस्ताप होतो म्हणून एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेवर नुकसानभरपाईचा दावा लावला. तो फेटाळला गेला. त्यांची तक्रार मला रास्त वाटते. सरकारी कागदात नागरिकाला न कळणारा शब्द येणं हा अन्यायच आहे, आणि तिथे सावरकरांच्या ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’सारख्या शब्दांनी मराठीचं मोठं काम केलं. पण दुकानाचं किंवा वस्तूचं नाव हा वेगळा प्रांत आहे, आणि आपण दोन्हींना एकच फूटपट्टी लावतो.

तामागोच्चीची रीत मराठीला नवी नाही. वडापावमधला पाव पोर्तुगीज (जपानी ‘पान’ त्याच शब्दावरून आला), ‘बसथांबा’तली बस इंग्रजी. म्हणून नाव ठेवणाऱ्याने आधी मराठी शब्द धरावा, परका शब्द मागे किंवा पुढे जोडावा आणि जिभेला अडेल तेवढा छाटावा. मग विभक्ती लावून पाहावी. ‘तामागोच्चीला’, ‘तामागोच्च्या’ सहज होतं, कारण ईकारान्त स्त्रीलिंगी शब्दांचा साचा तयारच आहे. इंग्रजी ‘द’ने सुरू होणारं किंवा ‘अँड’ने जोडलेलं नाव ‘च्या’, ‘ला’ लागताच अवघडतं. नावाची पहिली चिठ्ठी देवनागरीतच लिहावी. रोमनवरून उतरवायला गेलं की उच्चार हमखास बिघडतो.

तामागोच्चीचंच पाहा. रोमन लिपीत दुहेरी च दाखवायला ‘च’च्या अक्षरांआधी ‘टी’ घालायची पद्धत आहे. तो ‘टी’ वाचून कुणी ‘तामागोट्ची’ लिहितं, कुणी गाळून ‘तामागोची’. जपानी कानाला त्यात पाच मात्रा हव्यात: ता, मा, गो, एक अडखळ, ची. ती अडखळ आपल्या जोडाक्षरात तंतोतंत बसते, ‘कच्ची’त बसते तशी. हाच नियम पुण्या-मुंबईच्या कॅफेंमध्ये आता सर्रास मिळणाऱ्या हिरव्या चहाच्या पुडीलाही लागू आहे. मेनूवर ‘माचा’ किंवा ‘मॅचा’ नको, ‘माच्चा’ लिहा.