जाहिराती फाडून बांधलेली मासिकं

जुन्या मासिकांचे खंड बाइंडिंगला देताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं आहे आणि मला तिचा खरंच त्रास होतो. कथा राहते, लेख राहतो, संपादकीय राहतं आणि ज्या पानांवर त्या वर्षीचं घर दिसतं नेमकी तीच पानं रद्दीत जातात.

मी बरीच वर्षं पुण्यात जुनी स्त्री-मासिकं शोधतेय. लायब्ऱ्या, अप्पा बळवंत चौकाच्या आसपासची जुन्या पुस्तकांची दुकानं, ओळखीच्यांचे माळे. शंकरराव किर्लोस्करांनी १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' सुरू केलं, पुढे ते पुण्यात आलं, विद्या बाळ तिथेच संपादक झाल्या आणि मग १९८९ ला त्यांनी 'मिळून साऱ्याजणी' काढलं, हा सगळा मोठा इतिहास लोकांना माहीत असतो, त्यावर लिहिलंही गेलंय. पण मला त्याच अंकांत स्टोव्हची पिन, केसांचं तेल, शिलाई मशीन, कोणता साबण कोणत्या कपड्याला हे बघायचं असतं. बाई दिवसभर काय करत होती ते तिथे आहे हो.

एक साधी गोष्ट घ्या. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो-ग्रॅम आले. शाळेत हे आपण एका ओळीत शिकलो. पण पाककृतींची पानं ओळीने चाळत गेलं की शेर, छटाक, तोळा हळूहळू जाताना दिसतात आणि ग्रॅम येतात, आणि या सगळ्यात वाटी आणि चमचा मात्र जागचे हलत नाहीत. कायदा बदलला तरी स्वयंपाकघरातलं माप बाईच्या हातातच राहिलं. प्रेशर कुकरचंही तसंच, हॉकिन्स आणि प्रेस्टीज दोन्ही १९५९ चे, म्हणजे त्याआधी डाळ शिजायला किती वेळ आणि किती रॉकेल जात असेल याचा अंदाज मला तरी जुन्या पाककृतींमधूनच आला.

माझ्याकडे एक मुखपृष्ठ नसलेला अंक आहे, साधारण साठच्या दशकातला. त्यात लहान मुलाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरचा नमुना आहे. छापलंय ६४ टाके, त्यावर कुणीतरी पेन्सिलने काट मारून ७२ लिहिलंय, खाली प्रत्येक ओळीपुढे बारीक रेघ, आणि गळ्याच्या जागी 'इथे सैल' असं शब्दांत. म्हणजे तिचं मूल नमुन्यातल्या मुलापेक्षा मोठं होतं आणि तिने सगळा हिशोब स्वतः नव्याने केला. हे गणित कुठल्याच इतिहासात यायचं नाही. मी तो अंक कितीतरी जणांना दाखवलाय, प्रत्येक वेळी तेवढाच आनंद होतो.

आता हेही सांगते, या मासिकांतून 'त्या काळची बाई' सगळी दिसते असं मी अजिबात म्हणत नाही. लिहिता-वाचता येणारी, मासिक विकत घेऊ शकणारी किंवा फिरत्या वाचनालयातून आणणारी बाई दिसते. तिच्या घरी भांडी घासायला येणारी बाई दिसलीच तर दांड्या मारते म्हणून, तिच्या स्वतःच्या तोंडचं काही नाही. हे डोक्यात ठेवूनच वाचायला हवं, नाहीतर आपण पेठेतल्या चार घरांना महाराष्ट्र समजून बसू.

आणि पुण्यात तर असंही आहे की १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांमधल्या घरांतून भांडीकुंडी गेली तसे कागदही गेले. जे उरलंय ते आपण निदान स्वतःच्या हाताने तरी घालवू नये ना. आजी गेली, फ्लॅट रिडेव्हलपमेंटला निघाला की पहिला फोन रद्दीवाल्याला होतो, दहा-वीस वर्षांचे अंक किलोवर जातात.

लायब्ररीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे, जागा कमी असते हे मान्य, पण बांधताना जाहिराती ठेवा, निदान आधी फोटो काढून ठेवा. आणि पुण्यात कुणाच्या माळ्यावर जुने अंक असतील, फाटके, वाळवी लागलेले, पेन्सिलने गिरगटलेले, कसेही, तर मेसेज करा, मी स्वतः येऊन घेऊन जाते. गिरगटलेले असतील तर आधी.